डोंगरउतारावर बांध घालणे परवडते का? वीस गुंठे वरकस जमिनीचा हिशेब

सावित्रीखोरे
पोलादपूर तालुक्यात आमची वीस गुंठे वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन आहे. एक वर्ष नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी आणि मग दोन-तीन वर्षे जमीन पडीक, असा फेर आमच्या घरात चालत आला. आता कुटुंबाच्या वाट्याला जमीनच थोडी उरल्यामुळे पडीक ठेवण्याची वर्षे कमी झाली आहेत आणि उतारावरची माती दर पावसाळ्यात नांगराखाली येते. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाला एकेक लोखंडी सळई ठोकली आणि मातीला अगदी टेकेल अशी लाल रंगाची खूण प्रत्येकीवर केली. दसऱ्याला गावी गेलो तेव्हा वरच्या सळईची खूण जमिनीपासून तीन मिलिमीटर, मधलीची चार आणि खालचीची दोन मिलिमीटर वर आलेली होती. सरासरी तीन मिलिमीटर धरले तर वीस गुंठ्यांतून सहा घनमीटर, म्हणजे जवळपास पावणेआठ टन माती एका पावसाळ्यात गेली. ट्रॅक्टरच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या होतील एवढी माती आमच्या शेतातून निघून गेली आणि घरातल्या कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

बांध घातला पाहिजे हे मला पटलेले आहे, परंतु हिशेब मांडायला बसलो आणि थांबलो. उतार साधारण 15 टक्के आहे. शेत तीस मीटर रुंद असल्यामुळे पाच दगडी बांध म्हणजे दीडशे मीटर काम होते. दगड शेतातच आहेत, पण ते उचलून आणणे, पाया खणणे आणि रचणे धरून एका माणसाचे दिवसाला दोन मीटर काम होते, हे मी स्वतः आठवडाभर करून पाहिले आहे. म्हणजे 75 दिवसांची मजुरी झाली. रोजगार हमीचा 2024-25 सालचा 297 रुपयांचा दर लावला तरी 22,275 रुपये होतात, आणि गावातला चालू रोज त्याहून बराच जास्त आहे.

आता उत्पन्नाची बाजू पाहू. वीस गुंठ्यांत दोन क्विंटल नाचणी येते. त्याच वर्षीच्या 4,290 रुपयांच्या हमीभावाने तिचे 8,580 रुपये होतात. बांधाची रुंदी मीटरभर धरली तर दीड गुंठा जमीन बांधाखाली जाते आणि पीक 185 किलोवर येते. शेजारच्या वाडीत बांध घातलेल्या शेतात पाचवा हिस्सा पीक जास्त येते असे तिथले लोक सांगतात. ते खरे मानले तर 222 किलो होतील. म्हणजे निव्वळ वाढ 22 किलोची आणि वर्षाला साधारण 945 रुपयांची झाली. बावीस हजार फिटायला तेवीस-चोवीस वर्षे लागतील आणि त्यात व्याज धरलेलेच नाही. वडिलांना हा हिशेब दाखवला तेव्हा ते एवढेच म्हणाले की, आजोबांनी बांध का घातले नाहीत ते आता तुला कळले असेल. हा हिशेब कुठे चुकत असेल तर जाणकारांनी कृपया सांगावे.

जमाखर्च
आपला हिशेब प्रामाणिक आहे, पण त्याचा पाया चुकलेला आहे आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते. आपण बांधाआधीचे पीक आणि बांधानंतरचे पीक यांची तुलना केली आहे. खरी तुलना बांध घातल्यावर दहाव्या वर्षी येणारे पीक आणि न घातल्यास त्याच दहाव्या वर्षी येणारे पीक यांची करायला हवी. वरकस जमिनीत मातीचा थर बहुधा वीत-सव्वा वीत असतो. वर्षाला तीन मिलिमीटर गेले तर वीस वर्षांत सहा सेंटिमीटर जातील, आणि पिकाच्या मुळांना लागणारी ओल आणि अन्न ज्या थरात असते तोच थर आधी जातो. त्यामुळे दोन क्विंटल हा आकडा आज आहे तसाच पुढेही राहील, हे गृहीतक टिकत नाही.

उदाहरणादाखल असे धरू की, बांध नसताना पीक दरवर्षी चार किलोने घटेल. तसे झाल्यास बांधाचा फायदा पहिल्या वर्षी 26 किलो, दुसऱ्या वर्षी 30 किलो असा वाढत जातो, आणि मूळ खर्चाइतकी म्हणजे सुमारे 519 किलो नाचणी अकरा-बारा वर्षांत जमा होते. चोवीस वर्षांचे काम निम्म्या काळात झाले. तरीही मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. दहा टक्के व्याज धरले तर हीच परतफेड पंचवीस वर्षांच्या पुढे जाते. ज्या घराला सावकाराकडून किंवा बचत गटातून याहून चढ्या व्याजाने पैसे उचलावे लागतात, त्या घरासाठी नुसत्या नाचणीच्या जोरावर दगडी बांध परवडत नाही, असाच निष्कर्ष निघतो. आपल्या आजोबांचा निर्णय अडाणीपणाचा नव्हता, त्यांच्या परिस्थितीत तो बरोबर होता.

आणखी एक सुधारणा सुचवतो. आपण नाचणी विकत नसून खात असाल, तर तिला हमीभावाऐवजी बाजारात विकत घ्यावी लागणारी किंमत लावावी. त्याने वाढीव पिकाचे मोल वाढेल आणि मुदत आणखी थोडी खाली येईल.

सावित्रीखोरे
धन्यवाद. नाचणी आम्ही खातोच, विकायला उरत नाही. एक शंका आहे. वाहून गेलेल्या मातीची किंमतच थेट धरली तर चालेल का? पिकातली घट मोजायला दहा वर्षे थांबावे लागेल, पण माती तर आजच गेलेली दिसते आहे.

जमाखर्च
धरता येते, पण ती कशाने मोजायची यावर सगळे अवलंबून आहे. अन्नद्रव्यांच्या किमतीने मोजून पाहू. मातीत नत्राचा अंश हजारी एक धरला तर आपल्या पावणेआठ टनांतून आठेक किलो नत्र गेले. ते भरून काढायला साधारण सतरा किलो युरिया लागेल. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे भरपाई शंभर रुपयांत झाली. दोन ट्रॉल्या मातीची किंमत शंभर रुपये! शेतकऱ्याला मातीची धूप का जाणवत नाही याचे मोठे कारण मला इथे दिसते. अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की, तो माती गेल्याची खूण दहा-पंधरा वर्षे झाकून ठेवतो. सेंद्रिय कर्ब, बारीक पोयटा आणि ओल धरण्याची ताकद मात्र गोणीत मिळत नाही.

दुसऱ्या बाजूने मोजा. धरणातला किंवा तलावातला गाळ दोन ट्रॉल्या भरून आपल्या शेतापर्यंत चढवायला किती भाडे पडेल? राज्यात 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तिच्यात गाळ काढण्याच्या यंत्राचा खर्च मदतीतून होत असला तरी वाहतुकीने शेतकऱ्याच्या तोंडाला फेस येतो. एकच माती युरियाच्या मापाने शंभर रुपयांची भरते आणि गाळाच्या मापाने हजारोंची.

ओळंबा
मी मृदसंधारणाच्या कामात तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे, तेव्हा कामाच्या बाजूचे सांगतो. पंधरा टक्के उताराला दोन बांधांतले उभे अंतर आम्ही दोन मीटरच्या आसपास धरत असू, म्हणजे आडवे अंतर तेरा-चौदा मीटर येते. आपण पाच बांध धरले आहेत ते या हिशेबाने बरोबर आहेत. उतार जसा वाढतो तसे बांध जवळ येतात, जमीन जास्त अडते आणि प्रत्येक बांधाला दाबही जास्त सोसावा लागतो. म्हणून डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला एकरी खर्च सपाटीवरच्यापेक्षा जास्त आणि पीक मात्र कमी, असा दुहेरी जाच असतो.

काही जण आपल्याला मजगी करा म्हणून सांगतील, म्हणजे उताराचे सपाट टप्पे पाडून भाताची खाचरे करायची. तिचाही हिशेब ऐका. वीस टक्के उतारावर पाच मीटर रुंदीचे टप्पे पाडायचे तर प्रत्येक टप्प्याच्या कडेची भिंत मीटरभर उंचीची होते, आणि वीस गुंठ्यांत अडीचशे घनमीटर माती कापून पुढे भरावी लागते. एक माणूस दिवसाला अडीच घनमीटर खोदतो असे धरले तरी शंभर दिवस लागतील. शिवाय कापलेल्या भागात मुरूम उघडा पडतो आणि पहिली दोन-तीन वर्षे पीक वाढण्याऐवजी घटते. वरची काळसर माती आधी एका बाजूला काढून ठेवून काम संपल्यावर पुन्हा पसरली तर हे नुकसान टळते. ठेक्याच्या कामात ती काळजी कोणी घेत नाही, हे मी पुष्कळ ठिकाणी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या खात्याला फार उशिरा उमगली. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यापासून आम्ही समपातळीवर, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर, बांध घालत आलो. पाण्याच्या दृष्टीने समपातळी रेषा योग्यच असते, परंतु ती शेताच्या हद्दीशी जुळत नाही. ती एकाच्या शेताचा कोपरा तोडून दुसऱ्याच्या शेतात शिरते, मग औत वळवायला जागा राहत नाही. एका शेताचे जादा पाणी शेजाऱ्याच्या अंगावर सोडले जाते आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिथे खांड पडते. लोकांनी आमचे कित्येक बांध नांगरून टाकले. तेव्हा आम्ही त्यांना दोष देत होतो. आज मला वाटते की, हद्दीवरचा थोडा तिरका बांध शेतकरी जन्मभर दुरुस्त करत राहतो, आणि कागदावर अचूक असलेला पण त्याला नको असलेला बांध दोन वर्षांत मोडतो. टिकाऊपणाच्या हिशेबात पहिला बांधच स्वस्त पडतो.

प्रवराकाठ
अकोले तालुक्यातून लिहिते आहे. वरच्या सगळ्या हिशेबात मजुरीचे 75 दिवस लिहिले आहेत, पण ते दिवस कोणाचे आहेत हे कोणी लिहिलेले नाही. आमच्याकडे दगड रचतो पुरुष आणि दगड डोक्यावरून वाहून आणते बाई. फेब्रुवारी ते मे हे मोकळे महिने आहेत, त्यामुळे घरच्या श्रमाला खर्च नाही, असे बैठकांत नेहमी सांगितले जाते. आमच्या भागातली माणसे याच महिन्यांत कांदा काढायला आणि द्राक्षाच्या बागांत जातात, कोकणातली कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर असतात. वर्षाची उचल तिथूनच येते. जो बांधावर राबतो तो ती उचल सोडून राबतो, हे हिशेबात यायलाच हवे.

दुसरी बाजूही सांगते, कारण मी स्वतः बांधाच्या बाजूची आहे. आमच्या बांधांवर आम्ही पवना आणि मारवेल गवताची ठोंबे लावली. दुसऱ्या वर्षापासून श्रावण ते दिवाळी दोन जनावरांचा ओला चारा बांधावरून निघू लागला. त्याआधी मी आणि सासूबाई आलटून पालटून रानात जात होतो, जाऊन-येऊन अडीच तास लागत आणि भारा डोक्यावर असे. आता विळा घेऊन गेले की अर्ध्या तासात भारा घरी येतो. रोजचे दोन तास, असे शंभर दिवस वाचले तर पंचवीस दिवसांची मजुरी वाचली. बांधाने मला जे दिले ते नाचणीच्या पोत्यात दिसणार नाही. ते माझ्या मानेच्या दुखण्यात दिसेल.

जमाखर्च
प्रवराकाठ यांचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. पंचवीस दिवस 297 रुपयांनी धरले तरी वर्षाचे 7,425 रुपये होतात, म्हणजे नाचणीच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त. बांधाचा सर्वांत मोठा परतावा गवतात निघाला आणि तो हिशेब बाईच्या वेळात होता, म्हणून तो आजवर कोणी मांडला नाही.

काजूबाग
कुडाळजवळ आमची काजूची लागवड आहे. बांधावर गवताबरोबर झाड लावल्याशिवाय डोंगरउताराचे गणित जमत नाही, असे माझे मत आहे. कोकणातल्या उघड्या डोंगरांवर आज काजू-आंबा दिसतो त्यामागे 1990 साली सुरू झालेली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आहे. खड्डे, कलमे आणि पहिल्या वर्षांची मजुरी सरकारने दिली आणि राखण शेतकऱ्याने केली. मृदसंधारणासाठी म्हणून कोणी ती लागवड केली नाही. काजूचे पैसे येतात म्हणून लोकांनी केली आणि मातीही थोडीफार थांबली.

आपल्या दीडशे मीटर बांधावर सात मीटरला एक या अंतराने एकवीस कलमे बसतील, पण नाचणीवर सावली नको असेल तर चौदाच लावा. वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 या जाती घ्या. चौथ्या वर्षापासून थोडे आणि सातव्या-आठव्यापासून झाडामागे चार किलो बी मिळाली, किलोला 110 रुपये आले, तर चौदा झाडांचे 6,160 रुपये होतात. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे लागेल आणि वणव्यापासून राखावे लागेल. आमची चाळीस कलमे एका दुपारी जळाली आहेत, म्हणून फेब्रुवारीत जाळपट्टा काढायला चुकू नका.

मात्र एक कळकळीची विनंती आहे. जेसीबी लावून डोंगर सोलू नका. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत काजूसाठीच यंत्राने टप्पे पाडायचे वेड लागले आहे. तासाच्या भाड्यात काम होते म्हणून ते स्वस्त वाटते, पण सैल केलेला भराव पहिल्या आषाढात खाली येतो आणि खालच्या माणसाच्या खाचरात गोटे भरतो. झाडापुरते अर्धचंद्राकृती आळे कुदळीने काढले की पुरते, बाकी जमिनीवरचे गवत तसेच राहू द्यावे.

नर्मदाकाठ
धडगावच्या बाजूला आमचे काम चालते. इथे उतार तुमच्यापेक्षाही कडक आहेत आणि प्रश्नाची सुरुवात जमिनीच्या हक्कापासून होते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांना पट्टा मिळाला त्यांच्यात बांध घालण्याची हौस पट्टा मिळाल्यानंतरच दिसली. उद्या हाकलतील या भीतीत जगणारा माणूस दहा वर्षांनी फळ देणारे काम कशाला करील? पट्टा वारसांना मिळतो, पण विकता येत नाही, त्यामुळे तो गहाण ठेवून कर्ज काढता येत नाही. म्हणून इथे बांधाला भांडवल उरते ते रोजगार हमीचेच.

दगडी बांधाच्या खर्चात साहित्य जवळपास नसते, सगळी मजुरीच असते. मजुरीला साठ आणि साहित्याला चाळीस टक्के, या रोजगार हमीच्या प्रमाणात इतके सहज बसणारे दुसरे काम नाही. अल्पभूधारकाला स्वतःच्या शेतात हे काम करून स्वतःच मजुरी घेता येते. त्रास होतो तो पैसे वेळेवर न येण्याचा. कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी मिळायला हवी. आमच्या एका वाडीचे मोजमाप वेळेत नोंदवले गेले नाही आणि अडीच महिन्यांनी पैसे आले. तोपर्यंत निम्मी माणसे गुजरातेत ऊसतोडीला निघून गेली होती आणि तीन बांध अर्धवट राहिले. अर्धवट बांध नसलेल्या बांधापेक्षा वाईट असतो, कारण सगळे पाणी त्याच्या उघड्या टोकाकडे धावते.

सावित्रीखोरे यांनी सातबारा पाहावा. कोकणात वरकस जमिनीवर दहा-बारा नावे असतात असे ऐकले आहे.

सावित्रीखोरे
चौदा नावे आहेत. त्यांपैकी नऊ जण मुंबई-ठाण्यात असतात आणि त्यांतले काही जण गेल्या वीस वर्षांत गावी आलेले नाहीत. चुलतभावाने हाच प्रश्न विचारला की, तू खर्च करून जमीन सुधारलीस आणि उद्या वाटणीत हा तुकडा दुसऱ्याला गेला तर काय करशील? माझ्याकडे उत्तर नव्हते.

ओळंबा
त्याला उपाय आहे. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा कोणता तुकडा कोण करतो आणि त्यावर केलेला खर्च वाटणीच्या वेळी धरला जाईल, एवढे साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वाटणीचा अधिकृत दस्त नंतर करता येईल. पण लिहिलेले काही असले की भाऊबंदकीत बोलायला आधार राहतो. रोजगार हमीसाठीही सहहिस्सेदारांची संमती बहुधा मागतात, तीही त्याच वेळी घेऊन टाका.

नैरोबीकर
नोकरीनिमित्त मी काही वर्षे केनियात आहे. इथून साठेक किलोमीटरवर माचाकोसचे डोंगर आहेत आणि त्यांची गोष्ट या चर्चेला जवळची आहे. 1930 च्या दशकात हे डोंगर इतके धुपले होते की, इंग्रज अधिकाऱ्यांनी ते कायमचे वाया गेल्याचे लिहून ठेवले. पुढे सक्तीने टप्पे पाडून घेतले गेले आणि लोकांनी त्या सक्तीचा राग धरला. स्वातंत्र्यानंतर सक्ती गेली, लोकसंख्या वाढली, आणि तरीही तिथल्या आकांबा जमातीच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने डोंगरच्या डोंगर टप्प्यांनी बांधून काढले. त्यांच्या पद्धतीला स्वाहिलीत फान्या जू, म्हणजे वर फेकणे, असे म्हणतात. समपातळीत चर खणून माती खालच्या अंगाला न टाकता वरच्या अंगाला टाकायची, म्हणजे वरून येणारी माती त्या वरंब्याला अडते आणि काही वर्षांत टप्पा आपोआप सपाट होतो. कापणी-भरणीचे बरेच काम पाऊसच करतो.

आधी नको असलेले काम त्यांनी नंतर आपखुशीने केले, कारण टप्प्यावर कॉफी, भाजी आणि फळे घेता येऊ लागली आणि नैरोबीची बाजारपेठ जवळ होती. शहरात नोकरी करणाऱ्या मुलांचा पैसाही टप्प्यांत गेला. नुसत्या मक्यासाठी इतके टप्पे झाले नसते असे मला वाटते. पोलादपूरची मुलेही मुंबईतून पैसे पाठवतात, मग तो पैसा घराच्या स्लॅबबरोबर बांधातही का जाऊ नये?

सावित्रीखोरे
फान्या जू आमच्याकडे चालेल का? आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे असतो.

ओळंबा
जपून. माचाकोसला पाऊस कमी, म्हणून तिथे पाणी अडवायचे असते. पोलादपूरला पाणी अडवण्यापेक्षा ते सावकाश आणि ठरलेल्या वाटेने बाहेर काढायचे असते. अतिपावसाच्या कडक उतारावर चरात पाणी साठून राहिले तर जमीन फुगते आणि घसरते. आपल्या महाड-पोलादपूर भागाने 2021 च्या जुलैत दरडी पाहिल्या आहेत. म्हणून बांधाला शेकडा अर्धा मीटर ढाळ द्या आणि त्याचे टोक गवत असलेल्या किंवा दगड पसरलेल्या ओघळीत सोडा. दगडी बांधाचा फायदाच हा की, पाणी फटींतून झिरपून जाते आणि माती मागे राहते.

जमाखर्च
बांधाचा सगळा खर्च डोंगरावरच्या माणसाने करायचा आणि फायद्याचा मोठा भाग खालच्याला मिळायचा, या गोष्टीवर बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात हेक्टरी सरासरी सोळा टनांहून थोडी जास्त माती दरवर्षी हलते आणि तिच्यातला साधारण दहावा भाग धरणांत जाऊन बसतो. आपल्या सळयांवरून हेक्टरी 39 टन निघतात, म्हणजे सरासरीच्या दुपटीहून जास्त.

चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत होता तेव्हा 1970 च्या दशकात मृदसंधारण शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा यांनी त्याचा माग काढला आणि ते वरच्या अंगाच्या सुखोमाजरी गावापर्यंत पोहोचले. तिथल्या लोकांना नुसते जनावरे चारू नका म्हणून सांगून भागणार नव्हते. वरती छोटी मातीची धरणे बांधून पाणी गावाला दिले गेले, आणि भूमिहीनांसकट प्रत्येक घराला पाण्याचा हिस्सा मिळाला. मग चराई गावानेच आवरली. खालच्याचा फायदा वरच्याच्या पदरात पडला तेव्हा डोंगर राखला गेला. आपल्याकडे धरणाच्या वरच्या अंगाचा शेतकरी माती थांबवतो आणि त्याबद्दल धरणाच्या खालचा बागाईतदार त्याला एक पैसाही देत नाही. म्हणून बांधाच्या मजुरीसाठी सरकारी पैसा मागणे हे मला मदत मागणे वाटत नाही. ती केलेल्या कामाची किंमत आहे.

प्रवराकाठ
यात एक भर घालते. आमच्या जिल्ह्यात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली आणि त्याने डोंगर हिरवे झाले, हे खरे आहे. पण बंदीची पहिली झळ ज्याच्याकडे चार शेळ्यांशिवाय काही नव्हते त्याला बसली. सुखोमाजरीत भूमिहीनाला हिस्सा मिळाला, तसा आपल्याकडे निदान बंद केलेल्या रानातले गवत कापून नेण्याचा हक्क तरी त्याला पहिल्या वर्षापासून मिळाला पाहिजे.

सावित्रीखोरे
सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. वडिलांबरोबर बसून नवा हिशेब मांडला, तो इथे ठेवतो.

पाचही बांध दगडी करणार नाही. वरचे दोन, जिथे वेगाने पाणी येते तिथले, दगडी करू. साठ मीटरला तीस दिवस, म्हणजे 297 च्या दराने 8,910 रुपये होतात, आणि हे काम रोजगार हमीतून मागणार आहोत. ते नाही मिळाले तर एका वर्षी एक असे दोन वर्षांत घरच्यांनी करू. खालच्या तीन रेषांवर बांध न घालता मीटरभर रुंदीचा गवताचा पट्टा ठेवायचा आणि त्याच्या वरच्या कडेला गिरिपुष्पाच्या काठ्या हातभर अंतरावर रोवायच्या. पाला नाचणीला खत म्हणून जाईल, त्यामुळे राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडायला रानात जाणेही थोडे कमी होईल. चौदा काजूची कलमे पहिल्या वर्षी न लावता दुसऱ्या वर्षी लावू, कारण पहिल्या उन्हाळ्यात पाणी वाहायला माणूस नाही. या सगळ्याला रोख खर्च कलमे आणि गवताची ठोंबे एवढाच येतो. गवत आईच्या नावाने लिहिले आहे, म्हणजे तिचे किती तास वाचतात हे वहीत वेगळे मांडता येईल.

वडिलांची एकच अट आहे. पहिल्या वर्षी एका बाजूची पाच गुंठे जमीन जशी आहे तशीच ठेवायची आणि दोन्हीकडची नाचणी वेगळी मोजायची. सळयाही दोन्हीकडे ठोकणार आहे.

ओळंबा
अट उत्तम आहे, पण ते पाच गुंठे वरपासून खालपर्यंत उभ्या पट्ट्यात घ्या, म्हणजे दोन्हीकडे वरचा, मधला आणि खालचा उतार सारखा येईल. रेषा आखायला यंत्र लागत नाही. वाशाच्या दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी टाका आणि शेंड्यावरून दोरीला दगड बांधून सोडा. आधी सपाट ओट्यावर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा, मग चौकट उलटी फिरवून दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे समपातळी. शेतात एक पाय रोवलेला ठेवून दुसरा पाय दोरी त्या मधल्या बिंदूवर येईपर्यंत वर-खाली सरकवायचा आणि तिथे खुंटी मारायची. दगडी बांधाच्या दोन रेषांना मात्र वर सांगितलेला ढाळ द्यायचा आहे, म्हणून तिथे दोन पायांत दोन मीटर अंतर असेल तर ओघळीकडचा पाय दर वेळी एक सेंटिमीटर खाली उतरवा. त्यासाठी त्या पायाखाली तेवढ्या जाडीची फळी ठेवून समपातळी साधा आणि खुंटी फळीशिवाय मारा. वारा असेल तर दोरी हलते, म्हणून सकाळी नऊच्या आत काम उरका. मार्चमध्ये आखणी करणार असाल तर कळवा, मी महाडला मुलीकडे येणारच आहे, एक दिवस शेतावर येईन.

सावित्रीखोरे
नक्की या. शिमगा झाल्यावरचा पहिला रविवार धरतो, तेव्हा चुलतेही घरी असतील.